झाकल्या पाटीचा लिलाव

आमच्या पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता. तो आठवला की आजही मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दरोडे पाहिले, खुनाचे तपास केले, त्यातले पुष्कळसे आता तपशिलासह आठवतही नाहीत. शाळेतल्या एका कागदाचा हा गुन्हा मात्र डोक्यातून जात नाही. त्यात कोणी जखमी झालं नाही, कोणी फरार झालं नाही. आरोपी तर रोज सकाळी साडेदहाला आपल्या पायांनी हजर व्हायची.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेल भागातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. ठाण्याचं, शाळेचं, माणसांचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. पनवेल तेव्हा झपाट्याने वाढत होतं. मुंबई-पुण्याची नोकरदार कुटुंबं नव्या इमारतींत राहायला येत होती आणि आल्या आल्या पहिली चौकशी चांगल्या शाळेची करत होती. त्याच दिवसांत बोगस पदव्यांच्या बातम्या पेपरांत यायच्या. कुठे डॉक्टर सापडला, कुठे प्राध्यापक सापडला. त्यामुळे कोणावर बोट दाखवलं की लोक आधी विश्वास ठेवायचे आणि मग विचार करायचे.

एका सोमवारी सकाळी एका शिक्षणसंस्थेचे कार्यवाह फाईल घेऊन ठाण्यात आले. पांढरेशुभ्र कपडे, सावकाश बोलणं, प्रत्येक कागदाला स्वतंत्र पिन. त्यांच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी बी.एड.ची बनावट गुणपत्रिका देऊन नोकरी मिळवली, अशी त्यांची फिर्याद होती.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"निनावी अर्ज आला होता, साहेब. आम्ही तशी कारवाई करत नाही. रीतसर विद्यापीठाला पत्र लिहिलं, उत्तर आलं, तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली. समितीने सहा महिन्यांत दोन बैठका घेतल्या. बाईंना पूर्ण संधी दिली. त्या समाधानकारक खुलासा करू शकल्या नाहीत. बडतर्फीचा ठराव झाला, आता गुन्हा नोंदवावा."

निनावी अर्ज मी वाचला. निळ्या आंतर्देशीय पत्रावर चार ओळी होत्या. पुढच्या जूनमध्ये या बाई सेवाज्येष्ठतेने मुख्याध्यापिका होणार, पण करंज्याच्या मासे विकणारीच्या पोरीकडे बी.एड. आलं कुठून ते कोणी तपासलं का, असा त्याचा मजकूर होता. अर्ज वाचून मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, राग आला नाही. माझ्याही मनात आलं की हो, आलं कुठून?

विद्यापीठाचं पत्र इंग्रजीत होतं, दोनच ओळींचं. आपण कळवलेल्या आसन क्रमांकावर या नावाची उमेदवार बसलेली नाही. त्या क्रमांकाचा उमेदवार वेगळा असून तो अनुत्तीर्ण आहे. खाली सही, गोल शिक्का. यापेक्षा पक्का पुरावा तो काय असणार? मी कलम ४२०, ४६८ आणि ४७१ खाली फसवणुकीचा आणि बनावट कागदाचा गुन्हा नोंदवून घेतला. संस्थेने चौकशीच्या पहिल्याच दिवशी बाईंकडून मूळ गुणपत्रिका काढून घेतली होती. ती पंचनामा करून ताब्यात घेतली, पाकिटात घालून लाखेचं सील लावलं आणि हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवण्यासाठी मुद्देमालाच्या कपाटात ठेवली. पंचनामा आमच्या हवालदारांनी लिहिला. त्यावर मी सही केली.

सही केली म्हणजे वाचला असं नाही, हे पोलिसात नोकरी केलेल्या कोणालाही सांगायला नको.

मंगळवारी बाई आल्या. चाळिशीच्या जवळपास, काटकुळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पनवेलमध्ये एक खोली भाड्याने घेऊन एकट्या राहायच्या. वडील लहानपणीच गेलेले, आई करंज्याला, बंदराच्या गावी. बोलणं अगदी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. मी नंतर ऐकलं की ही भाषा त्यांनी मेहनतीने कमावली होती, कारण लहानपणी शाळेत त्यांच्या बोलण्याला पोरं हसायची.

आमच्या कामात एक जुनी युक्ती आहे. संशयिताला लगेच आत घ्यायचं नाही. बाहेर बसवून ठेवायचं. माणूस बसून बसून स्वतःशीच भांडायला लागतो आणि दुपारपर्यंत अर्धा मोडतो. दुसरी युक्ती म्हणजे आपल्या हातात काय आहे ते दाखवायचं नाही. "आमच्याकडे सगळं आलंय" एवढंच म्हणायचं. समोरचा अंदाज बांधत बसतो आणि नको ते बोलून जातो. या दोन्ही युक्त्या मी चोरांवर शेकडो वेळा वापरल्या होत्या. त्याच बाईंवर वापरल्या.

व्हरांड्यातला तो बाक रस्त्याला तोंड करून होता. ठाण्यासमोरूनच शाळेचा रस्ता जायचा. शाळा दुपारची, बारा वाजता भरायची. साडेअकरापासून गणवेशातल्या मुलामुलींचे घोळके जायला लागत. पहिल्या दिवशी मुलं थांबली, बघत राहिली, त्यांनी एकमेकांना कोपरं मारली आणि एका मुलीने सवयीने "नमस्कार बाई" म्हटलं. बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कोणी नमस्कार केला नाही.

आत घेतल्यावर मी विचारायचो, "गुणपत्रिका कुठून आणली?"

"विद्यापीठातून."

"विद्यापीठ नाही म्हणतंय."

"विद्यापीठ काय म्हणतंय ते मला दाखवा."

"ते आम्ही बघू. तुम्ही एजंटचं नाव सांगा."

"साहेब, मी समितीला लेखी मागितलं. पत्राची प्रत द्या म्हटलं. त्यांनी लेखी कळवलं की पत्र गोपनीय आहे. मग खुलासा मागितला. जे पत्र मी पाहिलं नाही त्याचा खुलासा मी कसा करू?"

"हुशारी करू नका, बाई."

मी असं म्हणालो. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते आहे, पण म्हणालो होतो हे खरं.

बुधवारी तेच. गुरुवारी तेच. शेजारी बसलेल्या महिला शिपाईसुद्धा कंटाळल्या. बाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, कोणाची ओळख सांगितली नाही. खोट्या माणसाच्या हकिगतीत रोज थोडी भर पडते, हा माझा अनुभव. पहिल्या दिवशी एजंट नसतो, दुसऱ्या दिवशी एक काका निघतो, तिसऱ्या दिवशी काका वारलेला असतो. बाईंच्या हकिगतीत तीन दिवसांत एका शब्दाची भर पडली नाही. ही गोष्ट मला खुपायला लागली. मी उठायचो, खिडकीपर्यंत जायचो, परत येऊन बसायचो. चहा समोर येऊन गार व्हायचा. फाईल उघडायची, विद्यापीठाचा शिक्का बघायचा आणि स्वतःला समजवायचं की शिक्का खोटा बोलत नाही.

गुरुवारी दुपारी आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी बोलावलं. दहा-बारा पालक त्यांना भेटून गेले होते. आमच्या मुलांना बोगस बाई शिकवत होत्या, पोलीस काय करतात, असा त्यांचा सूर होता.

"किती दिवस घोळ घालणार?" मोठे साहेब म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा. शनिवारी कोर्टासमोर उभी करा, कोठडी घ्या. आत गेली की बोलेल."

"सर, करंज्याचं घर अजून तपासलं नाही."

"मग उद्या सकाळी तपासा आणि संध्याकाळी अटक करा."

शुक्रवारी सकाळी बाईंना बाकावर बसवलं आणि मी दोन पंच, हवालदार आणि महिला शिपाई यांना घेऊन जीपने करंज्याला निघालो. बंदराच्या अलीकडे बाईंचं घर होतं, दोन खोल्यांचं, कौलारू, स्वच्छ. अंगणात बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. त्यांची आई पायरीवर बसून जाळं विणत होती. सत्तरीची बाई, पण हात झपझप चालत होते. तिने जीप बघितली, आमचे कपडे बघितले आणि जाळं बाजूला ठेवलं.

"माज्या पोरीला काय केलाव?"

"काही नाही केलं, मावशी. घर बघायचंय."

"बगा. झाकून ठेवल्यालं काय नाय."

पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती. मला वाटलं, सापडलं. कोरे फॉर्म, रबरी शिक्के, काहीतरी निघेल. ट्रंकेत निघाल्या वह्या. बी.एड.च्या वर्षातली पाठटाचणं, म्हणजे वर्गात कसं शिकवायचं त्याची आधी लिहून काढलेली टिपणं. एकेका वहीवर कॉलेजचा शिक्का, पानापानावर प्राध्यापकांचे लाल शाईचे शेरे. "फळ्यावरील अक्षर मोठे हवे." "आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही." मी जमिनीवर बसून वह्या चाळत राहिलो. पदवी विकत घेणारा माणूस असल्या वह्या लिहीत नाही, आणि लिहिल्याच तर पंधरा वर्षं ट्रंकेत जपून ठेवत नाही. पण कॉलेजला गेल्या होत्या म्हणजे पास झाल्या असं होत नाही. नापास झाल्यावरही खोटी गुणपत्रिका करता येते. मी स्वतःला असं सांगितलं आणि पंचनामा लिहायला लावला.

म्हातारी दारात उभी राहून बघत होती. हवालदारांचं लिहून होताच ती मला म्हणाली,

"सायेब, एक इचारू? सगली बोलतान कागुद आलाय, कागुद आलाय. तो कागुद माज्या पोरीला दाखवलाव?"

"ते सरकारी काम असतं, मावशी. दाखवता येत नाही."

"मी पन्नास वरसं बंदरावर लिलावाला उभी ऱ्हायली," ती म्हणाली. "होडी लागली का मासलीची पाटी सगल्यांम्होरं उलटी करतान. मासली चांगली हाय का नासली, समद्यांना दिसतं, मंग बोली. झाकल्या पाटीचा लिलाव आमच्या बंदरान होत नाय. आमी अडानी मानसा, तरी होत नाय. तुमी शिकल्याली मानसा, तुमच्यान कसा होतो?"

हवालदार खाली बघायला लागले. मी पंचांच्या सह्या घेतल्या आणि जीप वळवायला सांगितली. मला तिचा राग आला होता. थोड्या वेळाने कळलं की तो राग तिच्यावर नव्हता. चोराला पुरावा दाखवत नाहीत, कारण तो पुरावा नष्ट करेल, साक्षीदार फोडेल. विद्यापीठाचं पत्र पाहून बाई काय नष्ट करणार होत्या? संस्थेने ते झाकलं म्हणून मीही झाकलं, आणि त्याला तपास म्हणत राहिलो.

ठाण्यात पोचेपर्यंत दीड वाजला होता. बाई बाकावर होत्या. सकाळी बसवल्या तशाच, पिशवी मांडीवर. मोठे साहेब जेवायला गेले होते. मी बाईंना आत बोलावलं, बसायला सांगितलं, फाईल उघडली आणि विद्यापीठाचं पत्र त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"वाचा," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीतून चष्मा काढला. पत्र वाचायला त्यांना दहा सेकंदंही लागली नसतील. मग चार दिवस पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून आईची भाषा बाहेर पडली.

"यो माजा नंबर नाय."

"काय?"

"साहेब, हा माझा आसन क्रमांकच नाही." त्यांचं बोट पत्राच्या वरच्या ओळीवर होतं. "इथं तीन हजार ब्याऐंशी आहे. माझा तीन हजार बेचाळीस. माझी गुणपत्रिका काढा. तुमच्याकडेच आहे ना? काढा."

गुणपत्रिका सीलमध्ये होती. सील तोडायची गरज नव्हती. मी पंचनामा काढला, माझ्या सहीचा. हवालदारांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आसन क्रमांक ३०४२. सोमवारपासून तो पंचनामा आणि ते पत्र एकाच फाईलमध्ये, एकाच दोऱ्याने बांधलेले होते. मधे फार तर सहा कागद असतील. मी रोज ती फाईल उघडत होतो.

एक क्षण वाटलं की बाईंनी ओरडावं, टेबलावर हात आपटावा. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या,

"मी गणित शिकवते, साहेब. मुलाचं उत्तर चुकलं तर मी वही त्याच्यासमोर ठेवते. दहातल्या नऊ वेळा चूक त्यालाच सापडते. मला सहा महिने कोणी वही दाखवली नाही."

मी त्यांना घरी जायला सांगितलं आणि हवालदारांना घेऊन तडक शाळेत गेलो. कार्यालयातल्या लेखनिकाला बाईंचं सेवापुस्तक आणि विद्यापीठाला पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत काढायला लावली. सेवापुस्तकात क्रमांक हाताने लिहिलेला होता, देवनागरी आकड्यांत, ३०४२. विद्यापीठावर वजन पडावं म्हणून पत्र इंग्रजी टंकयंत्रावर केलेलं. आता तुम्हीच कागदावर लिहून बघा. तीन, शून्य आणि दोन हे आकडे घाईत लिहिले की मराठी काय आणि इंग्रजी काय, सारखेच दिसतात. त्यांच्यामध्ये मराठी चार आला आणि त्याचं वरचं तोंड शाईने जरा मिटलं, की इंग्रजीच्या नादात असलेल्या डोळ्याला तो आठ वाटतो. लेखनिकाने आठ वाचला आणि आठ टाईप केला.

"साहेब, हा आठच आहे ना?" त्याने सेवापुस्तक माझ्यापुढे धरून विचारलं. मग त्याने स्वतःच पुन्हा पाहिलं आणि मटकन खाली बसला. त्याच्यात कपट नव्हतं. वीस वर्षं दोन भाषांत कारकुनी करणाऱ्या माणसाची चूक होती ती. आपल्याकडे कोणाच्याही हातून होईल अशी.

पुढचं काम सरळ होतं. मोठ्या साहेबांना दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोनदा पाहिले आणि अटकेचा विषय काढला नाही. योग्य क्रमांक घालून मी विद्यापीठाला मराठीत पत्र लिहिलं आणि हवालदारांना खास त्यासाठी पाठवलं. ते तिथे दोन दिवस ठाण मांडून बसले आणि मराठीतलं उत्तर घेऊनच आले. आसन क्रमांक तीन हजार बेचाळीस, बाईंचं तेच नाव, लग्न झालं नसल्याने ते बदललंही नव्हतं, द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण, प्रमाणपत्र खरे.

कार्यवाहांना बोलावून उत्तर वाचायला दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि पिन शोधायला लागले.

"म्हणजे टंकलेखनाची चूक झाली," ते म्हणाले. "समितीचा त्यात दोष नाही."

"बाईंनी प्रत मागितली होती."

"गोपनीय पत्र होतं, साहेब."

"कोणापासून गोपनीय?"

त्यांना खरोखरच प्रश्न समजला नाही. आणि मी त्यांना फार बोलूही शकत नव्हतो, कारण चार दिवस मीही तेच केलं होतं. नैसर्गिक न्याय हा शब्द मी पुढे खात्याच्या परीक्षेला पाठ केला. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप आणि त्याचा आधार दाखवा, मग त्याचं म्हणणं ऐका, असा त्याचा साधा अर्थ. त्या समितीने नोटीस दिली होती, बैठका घेतल्या होत्या, इतिवृत्त लिहिलं होतं, प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या होत्या. सगळं रीतसर होतं. फक्त पाटी झाकलेली होती.

निनावी अर्ज कोणी लिहिला याचा मला अंदाज आला होता. त्या माणसाला बोलावून दम द्यावा असं फार वाटलं. दिला नाही. त्याने एक शंका लिहिली होती, तीही नाव न घालता. बाकीचं सगळं आम्ही नाव घालून, सही-शिक्क्यानिशी केलं होतं.

मी गैरसमजुतीने गुन्हा दाखल झाल्याचा अहवाल, आमच्या भाषेत 'क' समरी, कोर्टात पाठवला आणि तो मंजूर झाला. संस्थेने बाईंना परत घेतलं. ठरावात "मानवतेच्या दृष्टिकोनातून" असे शब्द होते. बाईंनी ते शब्द काढल्याशिवाय हजर व्हायला नकार दिला आणि पंधरा दिवसांनी ते निघाले.

मूळ गुणपत्रिका परत घ्यायला त्या ठाण्यात आल्या. मुद्देमाल नोंदवहीत सही केली. विद्यापीठाच्या दुसऱ्या पत्राची खरी नक्कल मागितली, ती मी दिली. मला काहीतरी बोलायचं होतं. "बाई, आमच्याकडून..." एवढंच म्हणालो आणि पुढे गाडी अडली.

"चार दिवस तुम्ही मला बाहेर बसवलंत," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांनी पाहिलं. मुलांनी, पालकांनी, भाजीवालीने. हे पत्र तुमच्या फाईलमध्ये राहील. ते कोण पाहणार?"

त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला हवालदार गडबडीने आत आले. "साहेब, बाई बाकावर येऊन बसल्यात. आपण बोलावलंय?"

"नाही."

मी बाहेर गेलो. त्याच जागी, तशाच ताठ, मांडीवर पिशवी. हातात पत्राची नक्कल.

"बाई, आता काय काम आहे?"

"तुमच्याकडे काही नाही. शाळेला अजून वेळ आहे. मी बसते. लोक विचारतील, बाई परत का बसल्यात. विचारलं की दाखवेन."

लोकांनी विचारलं. पोलिसांच्या बाकावर कोणी बसलं की लोक विचारतातच. पासपोर्टच्या चौकशीला आलेला एक दुकानदार थांबला, वाचून "माशाअल्ला, बाई" म्हणाला आणि माझ्या खिडकीकडे बघून गेला. दूधवाला थांबला. मग मुलं आली. बाई त्यांना पत्र हातात द्यायच्या आणि मोठ्याने वाचायला सांगायच्या. आत बसून मला प्रत्येक वेळी ते ऐकू यायचं. आसन क्रमांक तीन हजार बेचाळीस. प्रमाणपत्र खरे. वेगवेगळ्या आवाजांत, अडखळत, पुन्हा पुन्हा. मला जागेवर बसवेना आणि बाहेर जायची हिंमत होईना. साडेअकरा वाजता त्या उठल्या आणि मुलांबरोबर शाळेत गेल्या.

"उठवू का उद्या?" हवालदारांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या. मी चार दिवस बसवलं होतं, त्या मोजून चार दिवस बसणार हे मला तेव्हा समजलं. पुढे नोकरीत मी एक गोष्ट पाळली. ज्याच्याविरुद्ध कागद आहे त्याला बसवून ठेवण्याआधी तो कागद त्याच्यासमोर ठेवायचा. काही चोर त्यामुळे सुटलेही असतील, वरिष्ठांनी मला त्यावरून बोलही लावले. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की हे मला एका म्हातारीकडून तिच्या दारात ऐकावं लागलं, आणि तरी तिच्या लेकीचे ते चार दिवस मी परत देऊ शकलो नाही.

चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला मी टोपी घातली आणि बाहेर आलो. बाकासमोर पंधरा-वीस मुलं होती, दोन-चार पालक, रस्त्यावर थबकलेले लोक. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता पत्र माझ्यापुढे धरलं.

मी ते घेतलं आणि वाचायला लागलो. आवाज बारीक निघाला. पहिली ओळ कशीबशी संपली तेव्हा बाई म्हणाल्या,

"साहेब, मागच्या बाकापर्यंत ऐकू येऊ दे."

मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.